मधल्या पेटीतला चाकू

"तुमच्याकडे चाकू किती आहेत हो?" असं कुणी विचारलं की बाइंडरांचा चेहरा आंबट व्हायचा. "चाकू नाहीत, अवजारं आहेत. त्यातले काही चाकू आहेत," ते म्हणायचे. विचारणारा पुढचं ऐकायला थांबलाच, तर त्याची अर्धी दुपार गेली म्हणून समजावं.

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. छापखान्याच्या बांधणी विभागात सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला सगळे बाइंडरच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची. आमची ओळख फाटक्या पुस्तकांमुळे झाली. शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे होतं. दर वर्षअखेरीला पाठ मोडलेली, पानं सुटलेली पुस्तकं मी त्यांच्याकडे पाठवायची आणि ती नव्या पुठ्ठ्यात, सरळ कण्याने परत यायची. सोबत एक चिठ्ठी असायची, "बाई, मुलांना सांगा, पान दुमडायचं नाही. खुणेला कागद देतो." आणि कागदाच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा.

उंच, जरा पोक काढलेला माणूस. डाव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर नव्हतं; ते कागद कापायच्या यंत्राखाली गेलं होतं. खिशाला पेन नसे, कापडी पिशवीत भिंग असे. हाड ओळखायची त्यांची एक रीत ठरलेली होती. वस्तूची मूठ आधी नखाने हलकेच खरवडायची, मग गालाला लावायची. हाड गार लागतं आणि गालाच्या उबेने चटकन तापत नाही, प्लास्टिक लगेच तापतं. एवढं झालं की मग भिंग. हाडात बारीक काळे ठिपके आणि आखूड रेघा दिसतात, त्या रक्त वाहायच्या वाटा. "जिवंत होतं ना ते कधीतरी," ते म्हणायचे. "खोट्याला अशा वाटा कुठून येणार?"

ही परीक्षा ते कुठेही घेत. पाहुणे म्हणून गेले की तिथले चमचे, दंतवैद्याकडे गेले की त्याची हत्यारं. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला पत्रं फोडायची एक सुरी दिली, पांढऱ्या मुठीची, मखमली डबीत. चार लोकांसमोर बाइंडरांनी ती गालाला लावली आणि म्हणाले, "बाई, प्लास्टिक आहे." मुख्याध्यापक शेजारीच बसले होते. वहिनींनी, म्हणजे बाइंडरांच्या बायकोने, कपाळावर हात मारला.

"अहो, कुठे काय बोलावं!"

"मी काय वाईट बोललो? मूठ खोटी आहे, तर खोटी आहे."

संग्रहाची सुरुवात एका पट्टीपासून झाली होती. छापखान्यात लागले तेव्हा हाताखाली घेणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने त्यांना कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी दिली. वीतभर लांब, तीन माणसांच्या हातून झिजून एका बाजूने कमरेसारखी आत गेलेली. ती हातात धरली की आपला अंगठा आपोआप त्या खळग्यात जातो. "बघा," ते म्हणायचे, "हा अंगठा माझा नाही. मी फक्त त्यात बसलोय."

तेव्हापासून जुना बाजार, लिलाव, बंद पडलेली दुकानं, मेलेल्या कारागिरांची घरं असं त्यांचं फिरणं सुरू झालं. कोरी वस्तू ते घेत नसत. वापरलेलीच हवी. कलमं करायचा माळ्याचा चाकू, पात्याला थोडा बाक असलेला. बोरूला टोक काढायचा इवलासा चाकू. जनावरांचे खूर साफ करायची वाकडी सुरी. चांभाराची आरी, जाळी विणायची सुई, डॉक्टरचं घडीचं छोटं पातं, कुणा खलाशाचा, धारेला दाते पडलेला चाकू. सगळ्यांच्या मुठी हाडाच्या, आणि प्रत्येक मूठ वेगळ्या ठिकाणी झिजलेली. माळ्याची अंगठ्याखाली, चांभाराची तळहाताखाली. एकशे बारा वस्तू होत्या. घरामागच्या खोलीत उघड्या खणांत त्या मांडलेल्या असत आणि वहिनी त्या खोलीला "तुमचं सासर" म्हणत, कारण बाइंडर तिथून लवकर परत यायचे नाहीत.

हे सगळं एके दिवशी अडचणीत आलं. घरमालकाला घर पाडून नवं बांधायचं होतं. वर्षभराची मुदत होती. या वयात दुसरं घर शोधण्यापेक्षा मुलीकडे राहायला जावं असं ठरलं. मुलीच्या घरी दोन वर्षांची जुळी होती, हाताला येईल ते तोंडात घालणारी. मुलगी बोलायला स्पष्ट.

"बाबा, तुम्ही या. आई येईल. सुऱ्या येणार नाहीत."

"कुलपात ठेवेन."

"माझी पोरं कुलूपसुद्धा खातात."

एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन बघून गेला. त्याने अकरा चाकू बाजूला काढले आणि म्हणाला, "हे मी नेतो, बाकीचं भंगार." बाइंडरांनी त्याला चहा पूर्ण पिऊ दिला नाही. त्यांना काय हवं होतं ते साधं होतं. एकशे बारा वस्तू एका जागी राहाव्यात, सुट्या होऊ नयेत आणि कुणाच्या तरी नजरेला पडाव्यात. एकटा माळ्याचा चाकू म्हणजे नुसता चाकू. शेजारी चांभाराची आरी आणि बोरूचा चाकू असला, तरच माणसांचे हात दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या भागात एक तंत्रशाळा आहे. सुतारकाम, ओतकाम, बांधणी शिकवतात. तिथे जुन्या अवजारांचं एक दालन आहे आणि त्यात एक काचेचं कपाट रिकामं होतं. मीच त्यांना ते सांगितलं. पुढे जे झालं त्यातला थोडा वाटा माझ्याकडेही येतो, म्हणून हे सांगून ठेवते.

पहिला अर्ज परत आला, कारण त्यात "चाकू" शब्द होता आणि धारदार हत्यारांसाठी वेगळा फॉर्म असतो. दुसरा परत आला, कारण प्रत्येक वस्तूची लांबी लिहिलेली नव्हती. तिसऱ्या वेळी दालनाच्या अधीक्षकांनी भेटायला बोलावलं. भेट संपवून बाइंडर सरळ माझ्याकडे आले आणि पायरीवरच उभे राहून म्हणाले, "बाई, ते म्हणतात धारा बोथट करून आणा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तुमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांतली अक्षरं खोडून ठेवता का?"

"असं म्हणालात?"

"मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, विचार करतो. बाई, मला त्या माणसासमोर शब्दच सापडत नाहीत. खुर्ची एवढी मोठी आहे त्यांची!"

शेवटी मार्ग निघाला. वस्तू पेट्यांत बंद असतील, पेट्यांना काच असेल, कुलूप असेल, तर धार राहू द्यावी. हाडाला कीड लागते असं अधीक्षकांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून पेट्या हवाबंद हव्यात. पेट्या तयार झाल्या की कारकून घरी येऊन वस्तू मोजेल, कागदी मोहोर लावेल आणि पंधरा दिवसांत तपासणी होऊन पेट्या कपाटात जातील.

पेट्या बाइंडरांनी स्वतः केल्या. आयुष्यात एवढं चांगलं काम आपण केलं नव्हतं, असं ते म्हणाले, आणि ते खरं होतं. पुठ्ठा, त्यावर गडद निळं कापड, आत लोकर, प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा. काचेच्या कडेला रबराची पट्टी आणि वरून मेण. पहिल्या पेटीत पट्ट्या, सुया, आऱ्या. तिसरीत मोठी अवजारं. मधल्या पेटीत अडतीस घडीचे चाकू, आणि त्यांतच मधोमध वहिनींचा चाकू.

त्या चाकूची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. बोट गेलं तेव्हा बाइंडर तीन महिने घरी होते आणि त्या तीन महिन्यांत त्यांनी पात्याला हात लावला नाही. पेन्सिलीला टोकसुद्धा वहिनी करून द्यायच्या. छापखान्यातून निरोप येत होते, हे भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एके दुपारी वहिनी बाजारातून एक घडीचा चाकू घेऊन आल्या, पिवळसर मुठीचा, आणि त्यांच्या उशाशी ठेवला. शेजारी एक संत्रं. आणि त्या आत निघून गेल्या. तासाभराने बघतात तर संत्र्याचं साल एका अखंड पट्टीत सोललेलं. पुढच्या सोमवारी बाइंडर कामावर गेले.

बाकी सगळे चाकू दाखवताना ते गालाला लावून दाखवायचे. हा तेवढा नुसता दाखवायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कारकून आला, मोजदाद झाली, तीन पेट्यांवर मोहोर लागली. पंधरा दिवस गेले. महिना गेला. अधीक्षक रजेवर होते. मग दालनाला रंग लागत होता. मग रंग वाळत होता. मग ज्यांच्या सहीने तपासणी व्हायची त्यांची बदली झाली आणि नवे साहेब जुन्या फायली वाचत होते. बाइंडर दर आठवड्याला जायचे आणि दर आठवड्याला एक नवं कारण घेऊन यायचे. मला ते ती कारणं मोजून दाखवायचे, बोटांवर. उरलेल्या साडेनऊ बोटांवर मावेनाशी झाली तेव्हा त्यांनी मोजणं सोडलं.

उन्हाळा आला आणि गेला. मागच्या खोलीला वर पत्रा होता, दुपारी तिथे उभं राहवत नसे. सातव्या महिन्यात ते सकाळीच माझ्याकडे आले.

"बाई, मधल्या पेटीच्या काचेला आतून धुकं आलंय."

मी जाऊन पाहिलं. काचेच्या आतल्या बाजूला खरंच पुसट, पिवळट साय धरल्यासारखं दिसत होतं. आतले चाकू नीट दिसत नव्हते.

"उघडून बघू?" त्यांनी विचारलं. हात मोहोरेवरच होता.

मी म्हटलं, "नका हो. मोहोर तुटली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आधी विचारून या."

ते विचारायला गेले. कारकून म्हणाला, मोहोर तोडली तर पेटी बाद. उघडायची परवानगी हवी तर अर्ज करा. किती दिवस लागतील? कारकुनाने प्रामाणिकपणे सांगितलं, "त्याच्या आत तपासणीच होऊन जाईल, काका." बाइंडरांनी तरीही अर्ज केला. तो अजून तिथेच असेल.

पाच आठवड्यांनी तपासणी झाली. अधीक्षक स्वतः आले. सोबत दालनाच्या जतन विभागात नव्याने लागलेली एक तिशीतली मुलगी होती, हातात पांढरे हातमोजे आणि स्वतःचं भिंग. भिंग बघून बाइंडर जरा खुलले. वहिनींनी चहा ठेवला. मीही होते.

पहिली पेटी उघडली. सगळं जागच्या जागी. मुलीने ती झिजलेली पट्टी हातात घेतली आणि न सांगता तिचा अंगठा खळग्यात गेला. "वा," ती म्हणाली. बाइंडरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वर्षभराचा राग निम्मा तिथेच उतरला असावा.

मग मधली पेटी. मेण कापलं, झाकण उचललं आणि कापराचा, आंबट, नाकात झोंबणारा वास खोलीभर झाला. अधीक्षक मागे सरले. आतली निळी लोकर जागोजागी तपकिरी झाली होती. पाती गंजून फुगली होती, काहींवर तर पापुद्रे सुटले होते. पितळी खिळ्यांभोवती हिरवा थर, आणि त्या थराचे डाग हाडावर उतरलेले. मध्यभागी सगळ्यांत वाईट, कडेला जरा बरं, जणू मधून काहीतरी पसरत गेलं होतं. बाइंडरांनी एक चाकू उचलला, उघडायचा प्रयत्न केला. पातं खिळ्यापाशी तुटून हातात आलं.

मुलीने मधल्या चाकूवर भिंग धरलं. त्याची मूठ चिकट झाली होती, घाम फुटल्यासारखी, आणि तिला बारीक चौकोनी चिरा गेल्या होत्या.

"काका, हे हाड नाही. सेल्युलॉइड आहे, पूर्वीच्या काळचं प्लास्टिक. जुनं झालं की ते आतून सडतं आणि त्यातून आम्लाची वाफ येते. उघड्यावर असतं तर वाफ निघून गेली असती. हवाबंद पेटीत जायला जागाच नाही. याच्यामुळे बाकीचे गेले."

"ते हाड आहे," बाइंडर म्हणाले.

"काका, तुम्हीच बघा ना, ठिपके—"

"मला भिंग दाखवू नकोस. हाड आहे ते."

एकशे बारा मुठी गालाला लावून पाहिलेला माणूस, मुख्याध्यापकांच्या तोंडावर प्लास्टिक म्हणणारा, तो हे म्हणत होता. आणि ते वहिनींकडे बघत नव्हते. तेव्हा मला कळलं. मुलीलाही काहीतरी कळलं असावं, तिने भिंग खाली ठेवलं. अधीक्षक मात्र फाइल चाळत म्हणाले, "फॉर्ममध्ये तुम्ही लिहून दिलंय. 'सर्व वस्तू अस्सल आहेत काय?' 'होय.' खाली तुमची सही."

वहिनींनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला.

"अहो, हाड नाही ते. मला तेव्हाच माहीत होतं."

बाइंडर वळले. "काय माहीत होतं?"

"दुकानात हाडाचा नव्हताच. दुकानदार म्हणाला, हा दिसायला तसाच आहे. मी म्हटलं, द्या. तुम्ही एकदा पातं हातात धरावं, एवढंच हवं होतं मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार? तुम्ही तो सगळ्यांच्या मधोमध ठेवलात! मला वाटलं, हा खोटा आहे हे काही तुम्हाला ओळखू आलं नाही. म्हटलं, गावभर मिरवतायत, आपण कशाला तोंडघशी पाडा."

"ओळखू आलं नाही? मला?" बाइंडरांचा आवाज चढला. "पहिल्या दिवशी ओळखलं! संत्रं सोलायच्या आधी!"

"मग तुम्ही का नाही बोललात?"

बाइंडर जास्तच चिडले. "म्हणजे एकतीस वर्षं तुला वाटत होतं की मला हाड कळत नाही?"

"एका चाकूपुरतं."

"एका चाकूपुरतं म्हणे!"

अधीक्षकांनी घड्याळ पाहिलं. चहा तसाच निवला. ज्या चाकूने पेटी खाल्ली त्याबद्दल बाइंडर त्या दिवशी जेवढे रागावले नाहीत, तेवढे या एका गोष्टीवर रागावले होते. घरात कुणीतरी आपल्याला एकतीस वर्षं अडाणी समजत होतं, आणि तेही प्रेमाने.

अधीक्षकांचा निर्णय तसा वाईट नव्हता, हे मान्य करायला हवं. मधली पेटी वगळून दोन पेट्यांचा नवा अर्ज करा, महिन्याभरात कपाटात लावतो. घर सोडायला सहा आठवडे होते. वहिनी म्हणाल्या, द्या दोन पेट्या आणि मोकळे व्हा. त्यांच्या लेकीने फोनवर तेच सांगितलं. मीही तेच म्हटलं. बाइंडर कुणाचंच ऐकेनात.

"अडतीस माणसांना बाहेर ठेवून चौऱ्याहत्तर आत? का? त्यांनी काय केलं?"

"त्यांचं आता काही राहिलं नाही हो," वहिनी म्हणाल्या.

"मी ठेवलं त्यांना त्या पेटीत. ते आपणहून नव्हते गेले."

वीस दिवस ते तेल, बारीक पोलादी काथ्या आणि जुने टूथब्रश घेऊन बसले. दाराबाहेरून पुटपुटणं ऐकू यायचं. कधी अधीक्षकांना, कधी रबराच्या पट्टीला, कधी स्वतःला. मी एकदा जेवायच्या वेळी गेले तर वहिनीही समोर बसून एक पातं घासत होत्या आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. "तो वरून घासू नकोस, पात्याच्या दिशेने घास," एवढंच मधून मधून, तेही पात्याकडे बघत. अडतीसमधले एकोणतीस वाचले, अंगावर खड्डे घेऊन. आठ पार गेले. सडलेला तो चाकू जतनवाल्या मुलीच्या सांगण्यावरून खिडकीबाहेर, उघड्या डब्यात होता.

मग त्यांनी नवा अर्ज लिहिला. वस्तू एकशे बारा. गंजलेल्यांपुढे "गंजलेला", तुटलेल्यांपुढे "तुटलेला". शेवटच्या ओळीत "घडीचा चाकू, मूठ सेल्युलॉइडची, वेगळा व उघडा ठेवावा". आणि "सर्व वस्तू अस्सल आहेत काय?" या रकान्यात "नाही".

"अहो, निदान तो एक तरी गाळा," मी म्हटलं. "मग 'होय' लिहिता येईल. खरंखुरं होय."

"बाई, एकदा होय लिहून बघितलं. आता खरं लिहितो."

त्या कार्यालयातून कुठलंही उत्तर महिन्याआत आलं नव्हतं. या अर्जाचा नकार चार दिवसांत आला. बाइंडरांनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बघा, मनात आणलं तर किती झटपट काम करतात!" हसायचा प्रयत्न होता, जमला नाही. घर सोडायला अठरा दिवस उरले होते. त्यांनी त्या व्यापाऱ्याचा पत्ता शोधायला घेतला आणि तो शोधताना ते इतक्या वेळा थांबले, की शेवटी तो कागद कुठे ठेवलाय हे वहिनींनीच सांगायचं टाळलं.

एका संध्याकाळी मी वहिनींकडे बसले असताना जतनवाली मुलगी आपण होऊन आली. तिच्या वर्गात वर्षाला बारा-पंधरा जण जुन्या वस्तू सांभाळायला शिकायचे आणि त्यांना सरावाला वस्तू मिळत नसत. दालनासाठी परवानगी लागते. वर्गाच्या साहित्याला लागत नाही. सगळ्या एकशे बारा वस्तू ती घ्यायला तयार होती, गंजलेल्यासुद्धा. गंजलेल्या तर आधी.

"काच?" बाइंडरांनी विचारलं.

"काच नाही. लाकडी खण. हाताळल्या जातील."

"नावाची पाटी?"

"नाही. खरं सांगते काका, यादीत त्या 'वापरात संपणारे साहित्य' म्हणून लागतील. खडू, गोंद, सँडपेपर, त्याच रकान्यात. परत मागता येणार नाहीत."

बाइंडर उठले आणि मागच्या खोलीत गेले. आम्ही तिघी बसून राहिलो. आतून खण ओढल्याचे आणि ढकलल्याचे आवाज येत होते. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज भांडखोर.

"चाळीस वर्षं गोळा केलेलं सामान सँडपेपर म्हणून लिहून देऊ?"

"हो," मुलगी म्हणाली. तिने आणखी काही समजावलं नाही, हे तिचं शहाणपण.

"सगळे एका खोलीत राहतील?"

"एका कपाटात. तो सेल्युलॉइडचा वेगळ्या खणात, जाळीच्या. पण त्याच खोलीत."

त्यांनी सही केली. सही करताना पेन दोनदा झटकलं, शाई नीट येत असतानाही.

आता ते मुलीच्या घरी असतात. दर मंगळवारी दोन बस बदलून त्या वर्गात जातात. बोलावलेलं नसतं आणि कुणी अडवतही नाही. तिथून परतताना माझ्याकडे थांबतात आणि त्यांचं बोलणं तक्रारींनीच सुरू होतं. पोरं पातं उघडताना नख चुकीच्या जागी लावतात. तेल जास्त घालतात. एकाने बोरूच्या चाकूने पार्सलची दोरी कापली. "दोरी, बाई! मी त्याला म्हटलं, तुला राज्यसभेत बसवलं तरी तू खुर्चीवर चढून जळमटंच काढशील."

सगळ्यांत जास्त त्यांना खुपतो तो पहिला तास. दर नव्या तुकडीला जतनवाली मुलगी जाळीचा खण उघडते, तो चिकट चाकू दाखवते आणि सांगते की हा एक चुकून हाडांमध्ये ठेवला गेला आणि बाकीच्या सदतीस वस्तूंचं नुकसान झालं. बाइंडर मागे बसून हे ऐकतात.

"तिला किती वेळा सांगितलं, 'चुकून' म्हणू नकोस म्हणून," परवा ते म्हणाले. "पोरांना वाटतं, त्या माणसाला हाड कळत नव्हतं. मी उठून सांगितलं, चुकून नाही, मुद्दाम ठेवला होता. तर एक जण विचारतो, का?"

"मग?"

"मग काय! तास संपला."

चहाचा कप त्यांनी उचलला, कपाचा कान गालाकडे नेला, भानावर आले आणि कप परत ठेवून दिला. "वहिनींना घेऊन या पुढच्या मंगळवारी," मी म्हटलं. "येतेय म्हणाली," ते म्हणाले, "पोरांना मीच सांगते म्हणते, का ते. आता ती वर्गात काय काय सांगेल, या काळजीत आहे मी."